कारण की निमित्त? : कोयनेच्या जलाशयापुढचा एक प्रश्न

आज आपण एका धरणाच्या निमित्ताने 'कारण' या शब्दाचा विचार करणार आहोत. 'निमित्ताने' हा शब्द तेवढा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. वळणाच्या जवळ १०३ मीटर उंचीची भिंत घातली गेली आणि मागे शिवसागर जलाशय तयार झाला. त्याची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. सगळ्या पाण्याचं वजन काढलं तर जवळजवळ तीनशे कोटी टन भरतं! यातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. म्हणजे बघा, नदी पूर्वेची आणि पाणी पश्चिमेला.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तलाव भरू लागला आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूमी, असा तेव्हा समज होता. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, लोक झोपेत असताना, सहापेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगरची घरं पडली. धरणाच्या भिंतीलाही तडे गेले; पुढे ती मजबूत करावी लागली.

मग वाद सुरू झाला. हा भूकंप पाण्याने घडवला का? शास्त्रज्ञ साधारण असं सांगतात : खडकात ताण आधीपासूनच साठलेला होता. तलावाच्या वजनाने त्यात थोडी भर पडली, पण तेवढंच नाही. पाणी भेगांत झिरपलं, आतला दाब वाढला आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेले खडक सरकायला मोकळे झाले. ताण पृथ्वीचा, सुटका पाण्याने केली.

इथे आपल्यापैकी पुष्कळजण सुटकेचा निःश्वास टाकतात. 'म्हणजे पाणी फक्त निमित्त झालं!' रोजच्या मराठीत निमित्त म्हणजे नुसता बहाणा, खरा दोष दुसरीकडे. पण न्यायदर्शनाला विचारलं तर उत्तर वेगळं मिळतं. तिथे घटाचं निमित्तकारण कोण? कुंभार! माती आधीपासून होतीच, पण म्हणून घडा आपोआप झाला असं आपण म्हणत नाही. निमित्त हे दुय्यम कारण नव्हे, ते पूर्ण अर्थाने कारण आहे. उलट, ज्याला समज आहे, निवड आहे, असा कर्ता बहुधा तिथेच सापडतो. खडकाला जाब विचारता येत नाही, माणसाला येतो.

आता कुणी म्हणेल, आधी माहीत नव्हतं ना? बरोबर. न कळता घडलेल्याचा दोष आणि कळल्यानंतरची जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिल्यात सूट मिळू शकते, दुसरीत नाही. आज त्या भागात धक्क्यांची सतत नोंद होते, अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं. जबाबदारी ओळखली, याची ही खूण.

पण याच जलाशयाबाबत दुसरा परिणाम असा होता, जो पहिल्या दिवसापासून माहीत होता. खोऱ्यातली गावं पाण्याखाली जाणार, हे नकाशावरच दिसत होतं. माणसं उठली, वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखुरली. राज्याचा पुनर्वसन कायदा मात्र आला १९७६ साली, आणि अर्ध्या शतकानंतरही काही कुटुंबांना जमिनीसाठी आंदोलनाला बसावं लागलं. इथे 'निमित्त' म्हणायलाही जागा नाही.

ॲरिस्टॉटल आणखी एक कारण सांगतो : प्रयोजन. कशासाठी केलं? धरण वीज आणि पाणी यांसाठी, म्हणजे आपल्यासाठी. आपण भिंत बांधली नाही, गावही उठवलं नाही, हे खरं. तरी प्रयोजनाच्या रकान्यात आपलं नाव आहे. त्यामुळे विस्थापितांची मागणी ऐकताना 'सरकार बघून घेईल' एवढं म्हणून आपल्याला मोकळं होता येत नाही. ते देणं आपल्याही नावावर आहे, आणि देणं जुनं झालं म्हणून फिटत नाही.