घरांतील सूक्ष्म काटा

सोनें मोडावयाचें म्हटलें कीं घरच्या स्त्रियांस सराफाच्या काट्यावरच भिस्त ठेवावी लागे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हा हिशेब आजीस तोंडपाठ असे. पण काटा मात्र परक्याचा! आतां अंक दाखविणारा काटा घरोघरीं आला आहे. तो घेतांना दशांशस्थळें मोजलीं जातात, आणि फसगत तेथेंच होते. ०.०१ ग्रॅमचा आंकडा दिसणें निराळें, तो खरा असणें निराळें.

या काट्याच्या पोटांतील धातूची पट्टी भारानें किंचित् वांकते. तिजवर चिकटविलेल्या बारीक जाळीचा विद्युत्-रोध बदलतो, आणि त्यावरून वजन काढलें जातें. साहजिकच पंख्याचा वारा, ऊन भांडें, डगमगतें मेज, सारें त्यास बाधतें.

कणकेस १ ग्रॅमचा काटा पुरे. सोन्यास तो निरुपयोगी, कारण ११.६६ ग्रॅमांच्या तोळ्यांत गुंजेचा फरक म्हणजे अवघे ०.१२ ग्रॅम. तेथें ०.०१ ग्रॅमचाच काटा हवा, आणि सोबत प्रमाणित वजनही. आधीं तें वजन ठेवून आंकडा पडताळावा, मगच पाटली ठेवावी. काट्यावर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे भार मात्र कधींही घालूं नये. पट्टी कायमची वांकते.