प्राणिकथेतील गुन्हाशोधक

प्राणिकथा आणि शोधकथा यांचा मेळ सहज बसेल असे वरकरणी वाटते. वस्तुतः त्यांच्या प्रकृती परस्परविरोधी आहेत. प्राणिकथेत कोल्हा आला की लबाडी आली, बगळा आला की दंभ आला. जातीच्या नावातच पात्राचा स्वभाव सांगून झालेला असतो. शोधकथा मात्र संशयावर जगते. कोणाविषयीही शेवटपर्यंत काही निश्चित ठरू न देणे हा तिचा धर्म. बोक्याचा अपराध त्याच्या मिशांवरच लिहिलेला असेल, तर शोध घ्यावयाचा तो कशाचा?

पंचतंत्राच्या कर्त्याला हा प्रश्न पडलाच नाही. मित्रभेदात दमनकाचे कारस्थान वाचकाच्या डोळ्यांदेखत शिजते, संजीवक प्राणास मुकतो आणि दमनक मंत्रिपदावर सुखाने राहतो. नीतिशास्त्राच्या त्या रोखठोक दृष्टीला यात वावगे काही नाही. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने ‘कलीला व दिम्ना’ हे अरबी रूप सिद्ध केले, तेव्हा त्याला मात्र हा शेवट सोसला नसावा. दिम्नाच्या चौकशीचे एक नवे प्रकरण त्यात आले, आणि ते त्यानेच जोडले असे अभ्यासक मानतात. रात्री दोघा कोल्ह्यांचे बोलणे चित्ता चोरून ऐकतो, खटला उभा राहतो, साक्षी होतात, दिम्ना मारला जातो. प्राण्यांच्या दरबारात पुराव्याला आलेले हे महत्त्व लक्षणीय खरे; पण गुन्हेगार कोण हे वाचकाला आधीच ठाऊक असल्यामुळे ही शोधकथा नव्हे, न्यायकथा आहे.

खरा शोधक विसाव्या शतकात, तोही बालवाङ्मयात अवतरला. वॉल्टर ब्रुक्स या अमेरिकन लेखकाने १९२७ ते १९५८ या काळात न्यूयॉर्क राज्यातील मिस्टर बीन यांच्या शेतावरील जनावरांविषयी सव्वीस पुस्तके लिहिली. त्यांपैकी ‘फ्रेडी द डिटेक्टिव्ह’ (१९३२) या पुस्तकात फ्रेडी नावाचे डुक्कर शेरलॉक होम्सच्या कथा वाचून गुन्हाशोधनाचा धंदा मांडते; मिसेस विगिन्स ही गाय त्याची भागीदार. फ्रेडी आळशी आहे, कवी आहे आणि थोडा बढाईखोरही आहे. यांतला एकही गुण डुकराच्या रूढ कल्पनेतून आलेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जनावरे स्वतःचा तुरुंग स्थापन करतात, तो इतका सुखाचा ठरतो की आत जाण्यासाठीच बाहेरची मंडळी गुन्हे करू लागतात! दंडशास्त्रावरील हा विनोद मोठ्यांच्या किती कादंबऱ्यांत सापडेल?

कथेचा कस लागतो तो जिंक्स या बोक्याच्या खटल्यात. त्याने कावळा मारून खाल्ला असा आरोप आहे, आणि बोका म्हटल्यावर तो कोणालाही पटावा. न्यायासनावर चार्ल्स हा पोकळ वक्तृत्वाचा कोंबडा, बचावाला फ्रेडी. आरोप सायमनच्या उंदीरटोळीने रचलेला असल्याचे उघड होते. स्वभाव म्हणजे पुरावा नव्हे, हा विचार येथे बालवाचकापुढे उपदेशाविना उभा राहतो, आणि प्राणिकथेच्या मूळ संकेतालाच त्यामुळे छेद जातो.

तथापि हा छेद पुरता जात नाही. मुलाची खेळण्यातली आगगाडी पळवून तिच्या आडोशाने धान्य लुटणारे उंदीर मात्र उंदीर म्हणूनच दोषी आहेत. बोक्याला मिळालेला संशयाचा फायदा त्यांच्या वाट्याला कधी येत नाही. त्यांची जात हाच त्यांच्याविरुद्धचा पहिला पुरावा.

ईव्ह टायटस यांच्या ‘बॅसिल ऑफ बेकर स्ट्रीट’ (१९५८) या पुस्तकात ही अडचण निराळ्या रीतीने सुटते. होम्सच्या घराच्या तळघरात राहणारा बॅसिल उंदीर, त्याचा सहकारी डॉक्टर डॉसन उंदीर, आणि ज्यांचा माग काढायचा तेही उंदीरच. जातीवरून संशय घेण्याची सोयच उरत नाही. परंतु त्याची किंमत द्यावी लागते. बॅसिल लहान आकाराचा होम्स होतो, त्याचे उंदीरपण उंचीपुरते आणि चीजपुरते शिल्लक राहते. फ्रेडीला धावताना धाप लागते, वेषांतर केले तरी डुकराचा देह लपत नाही. त्याच्या शोधाला हा अडसर सतत सोबत करतो, आणि मुले हसतात ती त्या अडसरालाच.