पाळण्यासाठी पहिला सरडगुहिरा कोणता?

हा प्रश्न हल्ली वर्गात विचारला जातो. युरोप-अमेरिकेत त्याचे ठरलेले उत्तर मिळते : डोक्यावर उंच तुरा असलेली, येमेन व सौदी अरेबियातील जात. ती काटक असून बंदिवासात तिची पैदास होते. त्यानंतर मादागास्करच्या रंगीत पँथर जातीचे नाव घेतात. पूर्व आफ्रिकेच्या थंड डोंगरांतील तीन शिंगांचा सरडगुहिरा मात्र नवशिक्याने घेऊ नये. त्याला उष्णता सोसत नाही. परंड्याच्या मे महिन्यात त्याचे काय होईल, ते सांगायला नको!

मग आपल्याच बाभळीवरचा पकडून आणला तर? भारतात सरडगुहिऱ्याची एकच जात आढळते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. तो पकडणे, बाळगणे किंवा विकणे गुन्हा आहे. परदेशी जातींनाही 2022 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे नियम लागू झाले आहेत.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. काचेच्या पेटीत या प्राण्याची अवस्था कशी होते, ते पाहा. काचेत त्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसते आणि तो त्याला प्रतिस्पर्धी समजतो. वाटीतले स्थिर पाणी बहुधा त्याच्या लक्षातच येत नाही. तो पितो ते पानावरचे चकाकणारे थेंब. हाडांसाठी लागणारे ड जीवनसत्त्व उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होते, आणि साधी काच नेमके तेच किरण अडवते. म्हणजे खिडकीच्या काचेतून आलेले ऊनही अपुरेच.

रंगाविषयीही गैरसमज फार. ज्या वस्तूवर बसेल तिचा रंग तो घेत नाही. सकाळी अंग गार असताना तो गडद होतो, कारण गडद पृष्ठभाग उष्णता अधिक शोषतो. तापला की फिका पडतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी 2015 साली पँथर जातीच्या त्वचेत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक दाखवले. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात व निळा प्रकाश परावर्तित करतात. त्वचेतील पिवळ्या द्रव्यामुळे एकूण रंग हिरवा दिसतो. प्राणी चिडला की स्फटिकांतील अंतर वाढते, आणि पिवळ्या-तांबड्याकडील लांब तरंगलांबीचा प्रकाश परत येतो. प्रयोगशाळेत आपण ज्या प्रकाशशास्त्रावर गणिते सोडवतो, तेच हे!

दुर्दैवाने सरडगुहिरा विषारी आहे, या समजुतीने तो दिसताच दगड उचलला जातो. त्याला विष मुळीच नसते. अंडी घालण्यासाठी मादी जमिनीवर उतरते तेव्हा ती अगदी असहाय असते. तिची ती संथ, डुलती चाल रस्त्यावर तिच्या जिवावर बेतते.

पाहायचाच असेल तर रात्री, मोठ्या माणसाबरोबर, पायांत बूट घालून कुंपणाच्या झुडपांकडे जा. विजेरीच्या उजेडात झोपलेला सरडगुहिरा पानांमध्ये फिकट उठून दिसतो. उजेड फार वेळ रोखू नका. फांदी लक्षात ठेवा आणि सूर्योदयाला परत या. दर दहा मिनिटांनी हवेचे तापमान व त्याचा रंग वहीत टिपा.