मध्येंच आलेलें कारण आणि मूळची जबाबदारी

कल्याण, मुरबाड, शहापूर या बाजूस भाताच्या रोपासाठीं उन्हाळ्यांत राब भाजण्याची चाल जुनी आहे. सकाळीं राब पेटवून शेतकरी घरीं गेला, दुपारीं वारा सुटला आणि ठिणगी शेजाऱ्याच्या पेंढ्याच्या गंजीवर पडली, तर नुकसान कोणीं भरून द्यावें? "मीं राब पेटविला, गंजी नव्हे, दोष वाऱ्याचा," असें उत्तर सहज सुचतें, पण निष्काळजीपणाच्या कायद्यांत त्याचा फारसा उपयोग होत नाहीं. मध्यें आलेली गोष्ट शहाण्या मनुष्याच्या ध्यानांत अगोदर यावयास हवी होती कीं नाहीं, एवढेंच कायदा विचारतो. दुपारीं समुद्राकडून वारा येतो, हें कल्याणांत कोणास ठाऊक नाहीं?

मध्यें येणारें मनुष्य असलें तर प्रश्न अधिक नाजूक होतो. इंग्लंडांत एक गाडीवान घोडागाडी भररस्त्यांत राखणीवांचून सोडून गेला. एका पोरानें दगड मारला, घोडे उधळले आणि त्यांस आवरावयास धांवलेला पोलीस शिपाई जखमी झाला. वर्दळीच्या रस्त्यांत पोरें अशा खोड्या करणारच, असें मानून १९३४ सालीं तेथील अपील कोर्टानें मालकास जबाबदार धरलें. बाजारच्या दिवशीं जुंपलेली बैलगाडी सोडून चहास जाणाऱ्यांनीं हें वाचावें!

आपल्याकडे सातारा जिल्ह्यांत २९ ऑक्टोबर १९८७ रोजीं पहांटे तीनच्या सुमारास पुणें-बंगळूर रस्त्यावर पेट्रोलचा टँकर व ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखालीं कलंडून पेट्रोल गळूं लागलें. सुमारें चार तासांनीं स्फोट झाला व तेथें जमलेले कांहीं लोक भाजून मेले. पेट्रोल नेण्यास आलेल्यांच्या खटपटींतून आग लागली, सबब टकरीशीं तिचा संबंध नाहीं, असें म्हणून न्यायाधिकरणानें एका मृताच्या वारसाचा १५,००० रुपयांचा अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला व १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उच्च न्यायालयाचेंच मत कायम केलें. मध्यें चार तास लोटले एवढ्यावरून टक्कर, गळती व स्फोट यांचा संबंध तुटत नाहीं, असें ठरलें. ही भरपाई दोष सिद्ध न करतां मिळणारी होती, हें खरें; तरी कार्यकारणाचा विचार तोच.

मात्र साखळी कधींच तुटत नाहीं, असें नव्हे. राब पुरता विझवून, भोंवतालचा पाचोळा झाडून शेतकरी घरीं गेला, आणि रात्रीं कोणी वैऱ्यानें मुद्दाम काडी लावली, तर तें पाप त्या वैऱ्याचें. पाचोळा किती हात झाडावा, याचा आंकडा कायद्यांत नाहीं. तो शेताचा उतार आणि त्या दिवसाचा वारा पाहून ज्याचा त्यानें ठरवावयाचा.