बुटक्या सिक्लिडांच्या पाण्यांतील मीठ

मालाडच्या खाडींत दिवसांतून दोनदां समुद्र चढतो. त्याच उपनगरांतील नळांना मात्र तलावांचें गोडें पाणी येतें. त्या पाण्यावर पोसलेल्या कांचेच्या पेटींत नेहमीं चिमूटभर मीठ टाकण्याची रूढि हौशी मंडळींत आहे. बुटक्या सिक्लिडांना ती कितपत मानवते?

या कुळांतील आपला मोठा भाऊबंद, गोमंतकांतील कालुंदर, खाडीच्या मचूळ पाण्यांत सुखानें राहतो. पण १९४८ सालीं शास्त्रीय नांव मिळालेला चिमुकला रॅम मासा पडला दक्षिण अमेरिकेंतील ओरिनोको नदीच्या खोऱ्यांतला! त्याच्या मूळच्या पाण्यांत क्षार अगदींच थोडे.

गोड्या पाण्यांतील माशाच्या रक्तांत बाहेरच्यापेक्षां क्षार अधिक असतात. म्हणून पाणी कल्ल्यांवाटे आंत शिरत राहतें आणि मूत्रपिंडांना तें सतत बाहेर टाकावें लागतें. आजारांत थोडें मीठ हें ओझें हलकें करतें. नायट्राइटचें विषहि त्यामुळें कमी शिरतें. मीठ हें औषध झालें, रोजचें अन्न नव्हे.

लिटरला एक ग्रॅम, अगोदर विरघळवून, हप्त्याहप्त्यानें घालावें. खरी चूक पुढें होते. पाणी उडून जातें, मीठ जात नाहीं. साठ लिटरांच्या पेटींत साठ ग्रॅम मीठ असतां पांच लिटर आटले, तर भर साध्या पाण्याचीच हवी. खारट भर पडत गेली कीं मासा मलूल होतो, आणि धनी बिचारा आणखी मीठ घालतो! पंधरा लिटर काढून गोडें पाणी भरलें, म्हणजे पंचेचाळीस ग्रॅम उरतें. शक्य तर उपचार निराळ्या भांड्यांतच करावा. बहुतेक पाणवनस्पतींना मीठ सोसत नाहीं.