आकडी औषधाला का जुमानत नाही?

पाच-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठतं. मान झटकन पुढे झुकते, दोन्ही हात वर फेकले जातात, अंग क्षणभर आखडतं आणि सैल पडतं. काही सेकंदांनी पुन्हा तेच, एकामागून एक. घरात कुणी म्हणतं दचकतंय, कुणी म्हणतं पोटात मुरडा आला असेल. बाळ रडतंही, त्यामुळे मुरड्याचं निदान सगळ्यांना पटतं. पण ही आकडीही असू शकते.

ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारात अशा आकडीला फार महत्त्व आहे. सुमारे ६,००० जन्मांमागे एका बाळाला होणारा हा जनुकीय आजार. टीएससी-१ किंवा टीएससी-२ या जनुकात बिघाड होतो, पेशींच्या वाढीला आवर घालणारी यंत्रणा ढिली पडते आणि मेंदूत, हृदयात, मूत्रपिंडांत, त्वचेवर गाठी किंवा डाग उमटतात. दहापैकी आठहून अधिक रुग्णांना आकडी येते. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची आकडी, नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही थांबत नाही.

हा धोका कुणाला जास्त? टीएससी-२मध्ये दोष असलेल्यांना, मेंदूत गाठी जास्त असलेल्यांना, पहिल्या वर्षातच आकडी सुरू झालेल्यांना आणि वर वर्णन केलेले झटके येणाऱ्यांना. रिपोर्टवर टीएससी-२ दिसलं की पालक हबकतात. पण तो धोका आहे, निकाल नव्हे. जनुक बदलता येत नाही. उपचाराला होणारा उशीर मात्र टाळता येतो, आणि माझ्या मते खरं लक्ष तिथेच हवं.

प्रामुख्याने युरोपात झालेल्या 'एपिस्टॉप' अभ्यासात (२०२१) ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखात, बिघाड दिसताच, पहिला झटका येण्याआधीच काही बाळांना व्हिगाबॅट्रिन हे आकडीवरचं औषध दिलं गेलं. त्यांच्यात औषधाला न जुमानणारी आकडी कमी आढळली. अमेरिकेतल्या 'प्रिव्हेंट' चाचणीत मात्र अशा आगाऊ औषधाने बौद्धिक वाढीत फरक पडला नाही. शिवाय हे औषध बाजूची नजर कमी करू शकतं. तेव्हा ते कधी सुरू करायचं, हे तज्ज्ञांनीच ठरवावं.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात गाठी दिसल्या असतील, किंवा अंगावर पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग असतील, तर बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. बाळ वारंवार दचकत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.