‘स्क्रीन गेली’ : ग्राफिक्स कार्डाच्या दोषाची पारख

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील संगणक-दुरुस्तीच्या दुकानांत तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : ‘स्क्रीन गेली.’ या एका क्रियापदात लुकलुकणे, गोठणे व काळे पडणे हे तिन्ही दोष सामावतात. ते वेगळे न केल्यास निर्दोष कार्ड बदलण्याचा भुर्दंड ग्राहकास पडतो.

प्रथम काळ पाहावा. विंडोज येण्यापूर्वीच पडदा लुकलुकत असेल, तर ड्रायव्हर दोषी नव्हे. केबल, मॉनिटर अथवा प्रत्यक्ष कार्ड यांकडे वळावे. लुकलुक नंतरच सुरू होत असेल, तर टास्क मॅनेजर उघडावा. तोही लुकलुकला तर संशय ड्रायव्हरवर, स्थिर राहिला तर एखाद्या प्रोग्रामवर.

गोठणे हा निराळा प्रकार होय. कार्डाकडून सुमारे २ सेकंद उत्तर न आल्यास विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन परततो तो बहुधा यामुळेच. केवळ खेळांच्या भाराखाली असे घडल्यास उष्णता व वीजपुरवठा तपासावा. स्लॉटमधून फार तर ७५ वॅट मिळतात. मोठ्या कार्डास पॉवर सप्लायची स्वतंत्र जोडणी लागते, आणि ती सैल असल्याचे पुष्कळदा ध्यानात येत नाही.

उल्हास नदीकाठच्या पावसाळी दमट हवेत संपर्कपट्ट्यांवर थर चढतो. वीज तोडून कार्ड काढावे, पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, वाळल्यावर कार्ड घट्ट बसवावे. (खोडरबराची रूढ रीत सोन्याचा मुलामा झिजविते.) दोष तरीही राहिल्यास तेच कार्ड दुसऱ्या यंत्रात लावावे; तेथेही पडदा गोठला, तरच ‘कार्ड गेले’ म्हणण्यास आधार मिळतो.